वरच्या मजल्याची कंडक्टर

माझी मुलगी ठकी शांत नव्हती. सोशिक, गुणी, समजूतदार यांतलंही ती फारसं काही नव्हती. २०१७च्या पावसाळ्यात ती गेली तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तेव्हापासून नातेवाइकांच्या बोलण्यात जी मुलगी येते ती मला ओळखूच येत नाही. 'किती सोसलं हो पोरीनं, पण तोंडातून शब्द काढला नाही.' काढला. भरपूर काढले, त्यातले काही तर तिला कुठून माहीत झाले हे आम्हाला अजून कळलेलं नाही. 'देवाघरचंच लेकरू होतं ते.' नव्हतं. मुंबईतल्या मरोळचं होतं, आमच्या घरचं होतं.

असं बोलणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांतल्या बहुतेकांनी तिला नीट पाहिलं ते आजारपणातच. डोक्यावर केस नाहीत, तोंड स्टेरॉइडनं सुजलेलं, हाताला पट्टी. अशा मुलाकडे बघताना माणूस आतून हलतो आणि मग त्या मुलाला आपोआप संत करून टाकतो. पण आजारपण हे तिच्या आयुष्याचं शेवटचं टोक होतं. त्याआधी पुरी सात वर्षं ती धडधाकट होती, हट्टी होती आणि आख्ख्या इमारतीला हैराण करून होती. मला त्या मुलीबद्दल लिहायचं आहे. आजार टाळता येणार नाही, तोही येईल. पण आधी ती.

ठकी हे नाव आजीनं ठेवलेलं. शाळेच्या दाखल्यावर वेगळं होतं, ते इथे लिहीत नाही.

आमच्या इथून, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरून, ३३२ नंबरची डबल डेकर जायची. कळायला लागल्यापासून ठकीचं सगळं चित्त त्या गाडीच्या वरच्या मजल्यावर, त्यातही अगदी पुढच्या, काचेला नाक लागेल अशा सीटवर. २०१४च्या जूनमध्ये आमच्या डोक्यावरून मेट्रो सुरू झाली. तिच्या मैत्रिणी मेट्रोसाठी वेड्या झाल्या होत्या. ठकी एकदाच बसली, घाटकोपरपर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "यात कंडक्टरच नाही." तिच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला.

कारण तिला बसमध्ये नुसतं बसायचं नव्हतं, बस चालवायचीही नव्हती. तिला कंडक्टर व्हायचं होतं. तोही वरच्या मजल्याचा. जुन्या डबल डेकरला दोन कंडक्टर असायचे, एक खाली आणि एक वर. खालच्याला दाराची, गर्दीची कटकट. वरचा तसा राजा माणूस. उभ्यानं प्रवास करणारे फार नाहीत, पुढून वारा येतोय, आणि हाताशी दोरी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. एवढी मोठी लाल गाडी दोन टोल्यांवर हलते, या गोष्टीचा तिला कधीच कंटाळा आला नाही.

आमच्या तळमजल्यावर बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच होता, स्प्रिंग ढिली झालेला, बाद केलेला. एका दिवाळीत त्यांनी तो ठकीला दिला. त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ टिकटिक सुरू झाली. पंच नुसता भोक पाडायला नसतो, लोकांचं लक्ष वेधायलाही असतो, हे काकांनीच तिला शिकवलं. नोटा उभ्या घडी घालून बोटांच्या बेचक्यांत कशा धरायच्या, सुटे न देणाऱ्याकडे न बोलता नुसतं किती वेळ बघायचं, हेही त्यांनीच शिकवलं. हे शेवटचं तर तिनं फारच मनावर घेतलं. तिचं ते बघणं आमच्या दुधवाल्यालाही झेपायचं नाही.

मग घराचं भाडेपत्रक झालं. हॉल ते स्वयंपाकघर दोन रुपये, हॉल ते गॅलरी तीन, कारण गॅलरीतून बस दिसते. पाठकोऱ्या कागदांची तिकिटं, रंगीत खडूनं रेघ मारलेली, रेघेच्या रंगावरून दर. आजीनं ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मागितली तर ठकी म्हणाली, "कार्ड दाखव." आजीकडे कार्ड होतं, पण ते तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, आणि कपाटाची किल्ली कमरेला. तिनं खरंच उठून ते काढलं. तेव्हा कुठे अर्धं तिकीट मिळालं. काका एकदा चहाला वर आले. ते म्हणाले, "मी स्टाफ आहे बाळा, मला पास असतो." ठकी म्हणाली, "काका, पास दाखवा." पास तर निवृत्त होताना जमा केलेला. काका हसत राहिले आणि ठकीनं वहीत त्यांच्या नावापुढे थकबाकी लिहिली. पुढे ते जेव्हा जेव्हा वर आले तेव्हा तेव्हा हा वाद झाला. रक्कम वाढत वाढत बारा रुपयांवर गेली.

ती वही अजून आहे. चौकटीची वही, वर ठळक अक्षरांत 'उधारी'. माझ्या नावावर दोन पानं आहेत. तिच्या आईच्या नावावर एकच ओळ, कारण आई वेळच्या वेळी पैसे देऊन टाकायची. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करतो, त्यामुळे वही उघडली की आधी बेरजा तपासतो. बेरजा बहुतेक बरोबर आहेत. जिथे चुकल्या आहेत तिथे प्रत्येक वेळी तिच्याच फायद्याच्या चुकल्या आहेत.

खोटं ती सफाईनं बोलायची. गृहपाठाची वही बाईंनी तपासायला ठेवून घेतली आहे, असं घरी. वही पावसात भिजली, असं बाईंना. हा दुहेरी कारभार बरेच दिवस सुरळीत चालला आणि मग बाई आणि तिची आई बसस्टॉपवर एकमेकींना भेटल्या. त्या रात्री ठकी पलंगाखाली जाऊन बसली, पंच घेऊन. आतून टिकटिक येत होती. जेवायला बाहेर ये म्हटलं तर उत्तर आलं, "ही गाडी डेपोत जाणार आहे, प्रवासी घेत नाही."

पण खेळात मात्र खोटं चालायचं नाही. आवारातल्या क्रिकेटमध्ये मुलं तिला अंपायर करायची, कारण ती स्वतःच्या भावालाही आउट द्यायची. भाऊ तेव्हा तीन-चार वर्षांचा, त्याला बॅटसुद्धा धड उचलायची नाही. बाकीची मुलं त्याला कच्चा लिंबू म्हणून सोडून द्यायची. ठकी म्हणायची, "खेळायचं असेल तर आउट व्हायचं." तो रडत घरी यायचा. तिचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही.

आणि तिचा तो प्रश्न. कुठेही न्या, पाच मिनिटांत विचारणार, "बाबा, आधी इथे काय होतं?" मॉलमध्ये, पुलावर, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये. 'माहीत नाही' हे उत्तर तिच्या लेखी उत्तर नव्हतं. त्यामुळे मला वाचावं लागायचं. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून पायधुणीला जायची, हे मी तिच्यासाठी शोधलं. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला धावली, बोरीबंदर ते दादर, आणि दादर टीटीमधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे बघण्यासारखे झाले होते. ट्राम जाऊन इतकी वर्षं झाली आणि कंडक्टर अजून 'टीटी, टीटी' ओरडतात, हा तिला जगातला सगळ्यात मोठा शोध वाटला. आठवडाभर तिनं तो भेटेल त्याला सांगितला. वॉचमनकाकांना तर दोनदा.

मग आजारपण. ताप हटेना, नडग्यांवर जांभळे डाग उठले, पाय दुखतात म्हणून जिना चढेना. रक्त तपासलं. तिथून परळला, टाटाला. रक्ताचा कॅन्सर, त्यातला एएलएल, लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर. त्या आठवड्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही. ज्यांनी तो आठवडा काढला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढला नाही त्यांना तो कधी न कळो.

टाटाच्या आवारात मुंबईची गर्दी असते आणि नसतेही. बंगाल, बिहार, खानदेश, कोकण, सगळीकडची माणसं एक्स-रेची मोठी पाकिटं आणि फायली छातीशी धरून बसलेली. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेलं, कुणी समोरच्या फुटपाथवर. ठकीनं पहिल्या दिवशी हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "इथे रांग नीट लावत नाहीत." दुसऱ्या खेपेला ती पंच घेऊन आली.

तिची सेवा डे केअरमध्ये सुरू झाली. सलाइन लावून मुलं तासन्‌तास बसलेली असतात. ठकी एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात पंच अशी बसल्या जागेवरून तिकिटं द्यायची आणि तिची आई ती पोचवायची. नवं भाडेपत्रक माझ्याकडे आहे. बोट टोचून रक्त, दोन रुपये. शिरेतून रक्त, पाच. लाल औषध, दहा, कारण त्यानं शू लाल होते आणि ते बघायला मिळतं. पाठीतलं इंजेक्शन, फुकट, वर खिडकीची जागा. प्लेटलेट्स चढवायच्या असतील तर तातडीची गाडी, कारण त्या पाचच दिवस टिकतात आणि तोवर सतत हलवत ठेवाव्या लागतात, हे तिला एका सिस्टरनं सांगितलं होतं. डॉक्टरांना पूर्ण तिकीट. एका डॉक्टरबाईंनी लाडानं विचारलं, "मला फुकट नाही का गं?" ठकीनं त्यांच्याकडे काकांनी शिकवलेलं ते बघणं बघितलं. बाईंनी पर्स उघडली.

पलीकडच्या खुर्चीवर नंदुरबारकडचा एक मुलगा असायचा, तिच्याच वयाचा. त्याची मराठी वेगळी, हिची वेगळी, पहिले काही दिवस दोघांना एकमेकांचं निम्मं कळायचं नाही. त्यानं डबल डेकर कधी पाहिली नव्हती. बसवर बस कशी ठेवतात, वरची पडत नाही का, असं त्यानं विचारलं. ठकीनं त्याला फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर गाडीची आकृती काढून दिली. मागचा वळणाचा जिना, वरची दोरी, दोन्ही कंडक्टर. वरच्या कंडक्टरला दोन वेण्या होत्या. तोपर्यंत तिचे केस गेले होते. मग तिनं त्याला एक पास दिला, 'कायमचा', खाली सही. आयुष्यात तिनं फुकट दिलेला तो एकुलता एक पास. तो मुलगा बरा झाला. यंदा बारावीला आहे. त्याच्या वडिलांचा अधूनमधून फोन येतो. पास त्यांनी लॅमिनेट करून ठेवला आहे.

लोक तिला शूर म्हणतात. ती घाबरायची. पाठीतल्या इंजेक्शनच्या आदल्या रात्रीपासून घाबरायची आणि तसं सांगायची. "आज सेवा बंद आहे," असं म्हणून उशीत तोंड खुपसायची. सकाळी टॅक्सीत बसायला नकार, मग रडारड, मग सौदा. इंजेक्शन झाल्यावर अमुक, परत येताना तमुक. आत गेल्यावर किंकाळ्या. मला त्या किंकाळ्यांचा अभिमान आहे, हे वाचायला विचित्र वाटेल. पण तिला दुखत होतं आणि दुखतंय हे ती पूर्ण ताकदीनं सांगत होती. आम्हाला बरं वाटावं म्हणून तिनं एकदाही हसून दाखवलं नाही. हे फार कमी माणसांना जमतं, मोठ्यांनाही.

स्टेरॉइडच्या आठवड्यांत भूक अशी लागायची की पहाटे तीनला ती आजीला उठवायची. बाहेरचं खायला बंदी, म्हणून आजी त्या वेळी गॅस पेटवून कांदा भजी तळायची. गरम असतानाच ताटली पुढे यायला उशीर झाला म्हणून एकदा ठकीनं आजीच्या दंडाला चावा घेतला. आम्ही सगळे धावलो. आजीनं दंड चोळला आणि म्हणाली, "दात चांगले आहेत कार्टीचे." दोघी मग ओट्यापाशी बसून भजी खात राहिल्या.

एका सकाळी तिनं डॉक्टरांना तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. सलाइनमधून जातं ते औषध आधी काय होतं? डॉक्टर घाईत होते, पण थांबले. म्हणाले, "हे व्हिन्क्रिस्टीन. सदाफुलीच्या पानांतून काढतात." सदाफुली! आमच्या आवाराच्या कडेनं जांभळी-पांढरी सदाफुली माजलेली आहे. कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही. एक ग्रॅम औषध मिळवायला वाळलेली पानं शेकडो किलो लागतात आणि एका वेळी तिला दीड मिलिग्रॅमही लागत नव्हतं, हे मी नंतर वाचून तिला सांगितलं. तिनं गॅलरीतून झाडं मोजली. आपली सगळी झाडं तोडली तरी महिना निघणार नाही, असा निष्कर्ष काढला आणि तरीही वॉचमनकाकांना ताकीद दिली की पूजेला फुलं तोडायची नाहीत. काका म्हणाले, "बेटा, दवा तो पत्ते से बनती है, फूल तोडने दो." ठकी म्हणाली, "फूल के साथ पत्ता आता है." तिच्या हिंदीचा तो परमोच्च बिंदू.

त्याच औषधानं तिच्या पावलांतली ताकद कमी झाली. चालताना चवडे घासायचे. पण नंतर गोळ्यांवरचा टप्पा आला, केस परत आले, डॉक्टरांनी गर्दी टाळून थोडं बाहेर न्यायला हरकत नाही म्हटलं. रविवारी भल्या सकाळी मी तिला ३३२वर नेलं. गाडी जवळजवळ रिकामी. मी उचलून घ्यायला वाकलो तर माझा हात झटकला. तो मागचा वळणाचा जिना ती चार पायांवर चढली. आधी दोन्ही हात वरच्या पायरीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. मास्कमधून श्वासाचा आवाज येत होता. खालचा कंडक्टर दोरीला हात लावून थांबला होता. ठकी वर पोचली, पुढच्या सीटवर बसली, आणि मागे न बघता ओरडली, "हां, डबल!" खालून दोन टोले पडले.

मरोळ नाक्यापासून कुर्ल्यापर्यंत तिनं मला एक शब्द बोलू दिला नाही. वर मेट्रोचा पूल, आम्ही त्याच्या पोटाखालून. साकीनाक्याला एक माणूस वर आला, त्याला ती म्हणाली, "पुढे सरका, आत जागा आहे." आत सगळी जागाच होती. तो बिचारा पुढे सरकला.

परळबद्दलही तिनं विचारलं होतं, आधी इथे काय होतं. गिरण्या, असं मी सांगितलं. टाटा १९४१ सालचं, हेही सांगितलं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन आहे, सापाच्या विषावरचं औषध करतात ते, एवढंही तिला माहीत होतं. मला तेव्हा जे माहीत नव्हतं ते ती गेल्यावर वाचनात आलं. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि तिनं हाफकिनमध्ये काम सुरू केलं. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब, गरोदर बायकांना एका प्रकारचा जीवघेणा पंडुरोग, म्हणजे रक्तक्षय, व्हायचा, त्याचं कारण ती शोधत होती. तिला आढळलं की यीस्टच्या अर्कानं, म्हणजे साध्या मार्माइटनं, त्या बायका सुधारतात. त्या अर्कात जे होतं ते पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. मग अमेरिकेत आपल्या भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं आणि त्याच्यासारखीच दिसणारी पण पेशींना चकवणारी, त्यांची वाढ रोखणारी औषधंही केली. त्यांतलं एक बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. १९४८ साली त्यांनी सोळा मुलांबद्दल लिहिलं, त्यांतली दहा काही काळापुरती सुधारली होती. त्याआधी अशा मुलांना काही आठवडे, फार तर काही महिने मिळायचे. ठकीला पाठीतून देत ते पिवळं औषध, मेथोट्रेक्सेट, याच घराण्यातलं.

म्हणजे परळच्या गिरणीतल्या बायकांपासून निघालेली गोष्ट बोस्टनला जाऊन पुन्हा परळला, तिच्या पाठीपर्यंत आली. हे तिला सांगायचं राहिलं याची मला फार चुटपुट आहे. टीटीपेक्षा हे मोठं होतं. तिनं डे केअरमधल्या प्रत्येक मुलाला सांगितलं असतं. त्या बायकांना नंतर काय झालं, त्यांची बाळं कशी होती, असं विचारून मला पुन्हा वाचायला बसवलं असतं.

गोळ्या चालू असतानाच आजार उलटला. पुन्हा जोराची केमो, रक्तपेशींचा काउंट अगदी तळाला, त्यात जंतुसंसर्ग. अतिदक्षता विभागात ती थोडेच दिवस होती. तिथे पंच नेऊ दिला नाही, ते बरोबरच होतं. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात, आपल्याकडेही पुष्कळ होतात, नंदुरबारचा मुलगा झाला. ठकी झाली नाही. मी याचं कारण शोधायचं सोडून दिलं आहे.

तेराव्याला काका वर आले. बसले, पाणी प्यायले. निघताना त्यांनी खिशातून सुटे काढून टीपॉयवर मोजले. बारा रुपये. आजीनं आतून वही आणली आणि त्यांच्या नावापुढे काट मारली.

सप्टेंबर २०२३मध्ये बेस्टच्या जुन्या लाल डबल डेकरचा शेवटचा दिवस होता. १९३७पासून या शहरात धावणारी गाडी. अंधेरीत तिला निरोप द्यायला खूप लोक आले होते, गाडी सजवलेली होती, जो तो फोटो काढत होता. मीही गेलो होतो. माझ्याबरोबर आमचा मुलगा होता, ठकीचा भाऊ. बहीण गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आज, हे लिहिताना, बारा पूर्ण झाली. आपल्या मोठ्या बहिणीपेक्षा मोठा झाला आहे. तिच्याबद्दल त्याला स्वतःचं म्हणून काहीच आठवत नाही. जे आहे ते ऐकलेलं. मध्यंतरी शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' असा निबंध होता. त्यानं ताईवर लिहिला. ताई शांत होती, शूर होती, सगळं हसत सहन करायची, मला कधी रागावली नाही.

बाईंनी छान शेरा दिला होता. मी ते वाचून त्याला काही बोललो नाही, पण तिच्या आईला म्हटलं, हे असं चालणार नाही. या मुलाला बहीण होती. चावणारी, खोटं बोलणारी, त्याला आउट देणारी. ती त्याला मिळाली पाहिजे. त्या रात्री आम्ही कपाटातून डबा काढला. पंच, भाडेपत्रकं, वही. आणि दोघं मिळून त्याला सांगत बसलो, झोपायची वेळ टळून गेली तरी. पलंगाखालची डेपोची गोष्ट त्यानं तीनदा सांगायला लावली. आजी अंथरुणातून उठून आली आणि दंड दाखवून गेली, जरी तिथे आता दाखवण्यासारखं काही नाही.

वही त्यानं स्वतःकडे ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आला तो तावातावानं. वहीत त्याचंही पान होतं, ते त्याला सापडलं होतं. हॉल ते गॅलरी, पूर्ण तिकीट, सतरा खेपा, सगळं थकलेलं.

"बाबा, मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. मला पूर्ण तिकीट कसं लावलं तिनं? आणि सतरा त्रिक एक्कावन्न होतात, तिनं सत्तावन्न लिहिलेत."

मी म्हटलं, तिनं लिहिलंय, आता तूच काय ते बघ.

तो बराच वेळ आत होता. मग बाहेर आला, माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि पुन्हा आत गेला. रात्री मी वही उघडून बघितली. सत्तावन्नच्या खाली दोन रेघा मारलेल्या, आणि पुढे त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, 'मान्य नाही. अर्धं तिकीट.'